गणिताचा प्रोफेसर दिवसभर करतो तरी काय?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आठ दिवसांपासून घरात वाद चालू आहे म्हणून इथं विचारतो. माझा भाचा यंदा गणित घेऊन एमएस्सी झाला. गाव अमळनेर तालुक्यात, घरी नऊ एकर, त्यातली बरीचशी कोरडवाहू कपाशी. दाजींचं म्हणणं सरळ आहे, बीएड कर नाहीतर पुण्याला जाऊन एमपीएससीचा क्लास लाव, तलाठी झाला तरी चालेल. भाचा म्हणतो मला पीएचडी करायचीय आणि युनिव्हर्सिटीत गणित शिकवायचंय. दाजींनी विचारलं, बाबा रे, तो प्रोफेसर दिवसभर करतो काय? पोरगं जरा वेळ गप्प बसलं आणि म्हणालं, विचार करतो. झालं! तेव्हापासून दाजी पारावर सांगत सुटलेत की आमचा पोरगा विचार करायचा पगार घेणार आहे.

मी बीकॉम, अडतीवर बसतो, मला आकडे म्हणजे क्विंटल आणि भाव. त्यामुळे मला खरंच माहीत नाही. पगाराचे आकडे गूगलवर सापडतात, ते नको. पंचविशीत या लायनीत शिरलेला माणूस साठीला कुठे पोचतो, मधे काय काय होतं, हे कोणी जगलेलं असेल तर सांगा.

भरीतभक्त

रुमाल टाकून ठेवतो. विचार करायचा पगार मिळत असेल तर आमचाही अर्ज घ्या, आम्ही फुकट करू राहिलो इतके वर्षं.

हिंजवडीकर_जळगावचा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोराचं डोकं एमएस्सी गणिताचं असेल तर त्याने सहा महिने पायथॉन शिकावं आणि डेटाच्या नोकरीला लागावं. गणितात आता नवीन शोधायचं राहिलंय काय? जे होतं ते दोनशे वर्षांपूर्वीच झालं. आमच्या इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीच्या सरांनी वीस वर्षं तीच पिवळी पडलेली वही फळ्यावर उतरवली, त्यात विचार कुठे होता?

तासिका_तत्त्व

हिंजवडीकर भाऊ, पिवळी वही तरी त्यांची स्वतःची होती. मला यंदा काय शिकवायचंय तेच ऑगस्ट संपता संपता कळलं.

धागाकर्ते, तुमच्या भाच्याला माझं उदाहरण दाखवा. वय ३८. सेट (प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास, पीएचडी पूर्ण. दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो, एक कॉलेज तापीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. सकाळी साडेसातला इकडे कॅल्क्युलस, अकराची एसटी धरून तिकडे लिनियर अल्जेब्रा, एसटी चुकली तर तास बुडाला आणि तास बुडाला तर त्याचे पैसेही बुडाले. शिकवलं तेवढंच बिल. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, मे महिना कोरडा. बिलंही महिन्याच्या महिन्याला निघत नाहीत, चार-सहा महिन्यांची एकदम निघतात, तोपर्यंत किराणावाला हाच माझा फेलोशिप देणारा. पण नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून श्रेणी देणारी, कमिटी आली की त्या आठवड्यात मी 'आमचे तरुण संशोधक प्राध्यापक' असतो, माझ्यासाठी टायसुद्धा आणून ठेवतात.

कायम जागेच्या दोन मुलाखती दिल्या. एका ठिकाणी फळ्यावर शिकवून दाखवलं, तज्ज्ञ सर खूश झाले. बाहेर आल्यावर संस्थेच्या एका माणसाने चहा पाजला आणि विचारलं, शेती किती आहे? मला आधी कळलंच नाही की हा प्रश्न मुलाखतीचाच भाग आहे. मी प्रामाणिकपणे सांगितलं तीन एकर. चहासुद्धा अर्धाच राहिला.

मुली बघायला जातो तिथे 'प्रोफेसर' म्हणून स्वागत होतं आणि 'परमनंट का?' म्हटलं की पोहे गार होतात.

भरीतभक्त

हसावं का रडावं कळेना भो. शेती किती हे तर सोयरिकीत विचारतात.

तापीकाठ

तासिकाभाऊ, दाजींना हे वाचून दाखवलं तर ते मोठ्याने पुन्हा वाचायला लावतील. पण एक सांगा, इतकं सगळं असून सोडलं का नाही?

तासिका_तत्त्व

नंतर सांगतो. एसटी आली.

निवृत्त_मास्तर

धागा दोनदा वाचला. मी ३७ वर्षं कॉलेजात आणि त्यातली बरीच वर्षं विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गाला गणित शिकवलं, २०१२ ला निवृत्त झालो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव पारोळ्याजवळ. वडील सालदार होते, म्हणजे स्वतःचं शेतही नाही. माझं गणित चांगलं आहे हे पहिल्यांदा कळलं ते जिनिंगवरच्या मुनीमजींना, मी आठवीत असताना गाड्यांची वजनं तोंडी बेरजून सांगायचो. त्यांनी वडिलांना सांगितलं, याला शेतात घालू नको. अमळनेरला बीएस्सी केलं, एमएस्सीला पुण्याला गेलो. तिथं पहिल्या आठवड्यात कळलं की मला गणित येतच नाही. मला हिशोब येत होता. वर्गात सर एक विधान लिहायचे आणि विचारायचे, हे खरं कशावरून? मी म्हणायचो, दिसतंच आहे की. ते म्हणायचे, तुला दिसतंय, सिद्ध कुठे झालंय? सहा महिने मी रोज परत जायचा विचार केला. एकदा तर स्टेशनवर जाऊन तिकीटही काढलं होतं.

१९७५ ला नोकरी लागली. तेव्हा आमची खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, पेपर तपासायला पुण्याला जावं लागे. जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला झालं (आता त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, २०१८ पासून). ते झालं आणि माझं आयुष्य बदललं, कारण आता पीएचडीसाठी घर सोडायची गरज उरली नाही. एफआयपीची रजा मिळाली, म्हणजे कॉलेजचा पगार चालू ठेवून संशोधन करायचं. तेव्हा मी चाळिशीत होतो, मोठा मुलगा सातवीत. बापलेक एकाच टेबलावर अभ्यास करायचो आणि दोघांचंही गणित अडलेलं असायचं.

पहिला पेपर परदेशी जर्नलला पाठवला. चौदा महिन्यांनी विमानटपालाने उत्तर आलं. पाकीट पातळ होतं तेव्हाच शंका आली. मी ते एसटी स्टँडवर फोडलं. परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यात एक उदाहरण, आणि त्या उदाहरणाने माझं मुख्य प्रमेयच आडवं केलं होतं. तीन वर्षांचं काम. गावाकडची एसटी समोरून गेली, मी बसूनच राहिलो. राग माणसावर येऊ शकत नव्हता कारण तो माणूस बरोबर होता. वकील अपील करतो, डॉक्टर दुसरा सल्ला घे म्हणतो, आमच्याकडे ती सोय नाही.

मग काय केलं विचाराल तर एक अट वाढवली. प्रमेय लहान झालं पण खरं झालं. ते छापून यायला आणखी दोन वर्षं गेली. आजवर त्याचा उल्लेख माझ्या माहितीत अकरा ठिकाणी झालाय, त्यातल्या चार ठिकाणी मीच केलाय.

भुसावळ_जंक्शन

सर, साष्टांग. पण ते प्रमेय होतं काय? आमच्यासारख्या गार्डाला कळेल असं सांगता येईल का? रात्रपाळीत वाचायला बरं पडेल.

निवृत्त_मास्तर

प्रयत्न करतो. विषय फिक्स्ड पॉइंटचा, स्थिर बिंदू म्हणा. जळगाव जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि जिल्ह्यात कुठेही, तुमच्या गार्डच्या खोलीतल्या टेबलावर म्हणा, पसरून ठेवा. कसाही, तिरपा, उलटी दिशा करून. नकाशावरचा एक बिंदू असा असतोच की तो ज्या जागेचं चित्र आहे, बरोबर त्याच जागेच्या वर तो पडलेला असतो. एकच. दोन नाहीत. हे बानाख नावाच्या पोलंडच्या गणितज्ञाचं प्रमेय, १९२२ ला छापलं गेलं. कारण असं की नकाशात सगळी अंतरं आखडतात. मी या आखडण्याच्या अटी जरा सैल करून बघत होतो.

आणि माझी चूक काय जातीची होती तेही सांगतो. ० आणि १ च्या मधले सगळे आकडे घ्या, पण ० आणि १ सोडून. प्रत्येक आकड्याला निम्मं करा. अंतरं आखडतात की नाही? आखडतात. पण जागेवर कोण राहिलं? कोणीच नाही. जो राहिला असता तो ०, आणि त्याला आपणच दाराबाहेर ठेवलंय. दार बंद आहे का हे न बघता मी घर सुरक्षित आहे म्हणून सांगत होतो.

भुसावळ_जंक्शन

टेबलावर भिंतीवरचा नकाशा काढून ठेवलाय. साहेब आले तर काय सांगू?

भरीतभक्त

सर, नकाशा चुरगाळून बोळा करून ठेवला तर?

निवृत्त_मास्तर

चालतो. चुरगाळल्याने अंतरं आणखी कमीच होतात. फाडला तर मात्र हमी देता येत नाही.

भरीतभक्त

म्हणजे धुळे जिल्ह्याला हमी नाही. १ जुलै १९९८ ला फाडून नंदुरबार वेगळा केलाय.

निवृत्त_मास्तर

जिल्हा फाडला हो, नकाशा नवीन छापला. पण उत्तराला निम्मे मार्क देतो.

पाटणा_भ्रमंती

अवांतर होईल पण खानदेशात गणिताचा धागा आणि चाळीसगावचं पाटण नाही असं कसं? पाटणादेवीला भास्कराचार्यांचं विद्यापीठ होतं, तिथेच त्यांचा जन्म झाला आणि तिथेच त्यांनी लीलावती लिहिली. आम्ही पावसाळ्यात दरवर्षी जातो, पितळखोऱ्याच्या लेण्यांवरून खाली उतरायची वाट भन्नाट आहे. केदारकुंडाला पाय जपून टाका.

शिलालेख_वाचक

थोडं नीट करतो. भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड असं सांगितलंय, ते म्हणजे नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत एकमत नाही. पाटणला जे नक्की आहे ते म्हणजे शिलालेख. तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. काळ १२०७ सालचा. त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. आजोबांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी ११५० चा, म्हणजे वयाच्या ३६ व्या वर्षी. लीलावती हा त्यातलाच भाग.

गंमत म्हणजे लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात दानाचा तपशील आहे. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर राजाला जो वाटा मिळायचा, तो मठाला दिला.

तासिका_तत्त्व

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे गणिताचा विभाग शंभर टक्के अनुदानित होता. जागा निघालीय का बघतो. आणि नातू थेट विभागप्रमुख, ही परंपरा मात्र जशीच्या तशी टिकलीय.

निवृत्त_मास्तर

तासिकाराव, हाणलात. पण आजोबांचं काम बघा. एका संख्येच्या वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवला की पुन्हा वर्गसंख्याच आली पाहिजे, अशी संख्या शोधा. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०. भास्कराचार्यांनी चक्रवाल रीतीने ते काढून दिलंय. पुढे पाचशे वर्षांनी, १६५७ ला, फर्मा या फ्रेंच माणसाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणित्यांना घातला. एमएस्सीच्या वर्गात मी हे फळ्यावर पूर्ण करायचो, दोन फळे लागायचे, मधे एक जण तरी म्हणायचा सर कॅल्क्युलेटर घ्या ना. शेवटच्या ओळीला तोच पोरगा उभा राहून बघायचा.

सौ_प्राध्यापक

मी बोलू का? माझे मिस्टर गणिताचे प्राध्यापक, धुळ्याला. सिनेमात दाखवतात तसे विसराळू वगैरे काही नाहीत हो, उलट दूधवाल्याचा खाडा तारखेसकट पाठ असतो. त्रास वेगळाच आहे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कोणाचंही लग्न असो, आहेराच्या वहीवर यांनाच बसवतात. का, तर गणिताचे प्रोफेसर. सगळे पंगतीला वरण-बट्टी हाणतात आणि हे मांडवाच्या कोपऱ्यात एकशे एक, दोनशे एक लिहीत बसतात. मागे एका लग्नात वहीपेक्षा पिशवीत ५१ रुपये जास्त निघाले. रात्री दीडपर्यंत जुळवत होते. नवरीचा बाप म्हणतोय सर जाऊ द्या, ५१ रुपयेच आहेत, जास्तच आहेत. हे म्हणे कमी असते तर खिशातून घातले असते, जास्त आहेत म्हणजे कोणाचं तरी नाव राहिलंय. शेवटी सापडलं, एका म्हातारीने पाकीट न देता नोट तशीच ठेवली होती, तिचं नाव लिहून घेतलं तेव्हा उठले.

बाकी मे महिन्यात पेपर तपासणी, जळगावचं ४५ डिग्री, एकेक गठ्ठा. घरी येऊन फरशीवर ओला टॉवेल टाकून झोपतात. आणि बरंका, संशोधनाचं काम पहाटे चार ते सहा. लग्न झालं तेव्हा मला वाटलं पूजा करतात.

सातपुड्याची

सौ ताई, फरशीवर टॉवेल, अगदी :)

मी शहादा तालुक्यातल्या पाड्यावरची. घरी पावरी बोलतो, मराठी शाळेतली, आणि कॉलेजात गेले तर गणित सगळं इंग्रजीत. एफवायला लिमिटची ती व्याख्या आली, एप्सिलॉन आणि डेल्टा. पाठ केली, कळली शून्य. सरांनी बघितलं की पुस्तकातलं वाक्य कोणाच्याच डोक्यात शिरत नाही. खडू ठेवला, टेबलावर एक डस्टर ठेवलं आणि सरळ अहिराणीत सुरू झाले, 'तू माले सांग तुले डस्टरना कितलं जवळ पाहिजे, मंग मी तुले सांगस कोठे उभं ऱ्हावानं.' एका मुलीला म्हणाले सांग. ती म्हणाली वीतभर. सर दोन पावलं सरकले. ती म्हणाली बोटभर. आणखी सरकले. 'तू कितलंबी कमी सांग, मनाकडे जागा शे.' म्हणजे माझ्याकडे जागा आहे. अहिराणी काही माझी भाषा नाही, पण बाजाराची भाषा म्हणून कळते. त्या दिवशी कळलं की हे वाक्य म्हणजे भांडण आहे, एक मागणारा आणि एक देणारा.

मी आता आश्रमशाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. त्या सरांचे किती पेपर छापले होते मला माहीत नाही.

तासिका_तत्त्व

धागाकर्ते, सोडलं का नाही म्हणून विचारलं होतं ना? सातपुड्याच्या ताईंनी लिहिलंय ते माझ्या वर्गात वर्षातून एकदा, फार तर दोनदा होतं. ते होतं त्या दिवशी परतीच्या एसटीत उभ्याने आलो तरी काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी वाटतं.

हिंजवडीकर_जळगावचा

ठीक आहे, नवीन शोधायचं काही राहिलं नाही हे वाक्य मागे घेतो. पण तासिकाभाऊंसारख्या हुशार माणसाने ३८ व्या वर्षी किराणावाल्याची उधारी ठेवावी हे बरोबर नाही, आणि 'एक दिवस छान वाटतं' यावर कोणी पोराला ढकलू नये. मास्तर आपल्या काळात परमनंट होते. तो काळ वेगळा.

निवृत्त_मास्तर

हे मला मान्य आहे. मला नोकरी लागली तेव्हा मुलाखत वीस मिनिटांची होती आणि चहा पूर्ण मिळाला होता.

नेट_तिसऱ्यांदा

कोणीच कामाचं सांगेना म्हणून मी सांगतो, नुकताच त्यातून गेलोय. १) भाच्याने आधी सीएसआयआर नेट (प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) द्यावी आणि जेआरएफच, म्हणजे संशोधनाची फेलोशिपच, काढायची म्हणून द्यावी. जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, म्हणजे पीएचडीची पाच वर्षं दाजींपुढे हात पसरायला नको. गणिताच्या पेपरात पार्ट सी असतो, त्यात एकाहून जास्त पर्याय बरोबर असतात आणि सगळे बरोबर ओळखले तरच मार्क, एक राहिला की शून्य. निगेटिव्ह नाही एवढीच दया. मी दोनदा तिथेच गेलो. गाइड पाठ करणाऱ्यांना तो पार्ट खातो, उदाहरणं स्वतः बनवता येणाऱ्यांना देतो (मास्तरांचं ० ते १ चं आहे ना, तसली). २) असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची होणार होती, ती जुलै २०२३ ला यूजीसीने काढली, नेट-सेटवर अर्ज करता येतो. पण कायम जागा हवी तर पीएचडी असलेली बरी, रांगेत सगळे पीएचडीवालेच असतात. ३) बीएस्सी-एमएस्सीवाल्या धाकट्या भावंडांसाठी, एमटीटीएस म्हणून उन्हाळी शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे. महिनाभर रोज गणित, फळ्यापुढे तुम्हालाच उभं करतात. मी जाऊन आलो तेव्हा पहिले चार दिवस रडलो.

आणि हो, आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं असिस्टंट प्रोफेसरला, नियमाने. बाकीचा वेळ विचार करायला असतो असं कागदावर आहे, प्रत्यक्षात ॲडमिशन, परीक्षा आणि फाइली.

भरीतभक्त

म्हणजे दाजींना सांगा, विचार करायचा पगार नाही, विचार पहाटे चार ते सहा फुकट, पगार फाइलींचा.

तापीकाठ

मंडळी, उशिरा येतोय, कापसाचा सीझन सुरू झालाय. काल धागा मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवला. तासिकाभाऊंचं वाचताना दाजी पोराकडे बघत होते. आहेराच्या वहीचं आलं तेव्हा मात्र म्हणाले, हा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी पाहिजे होता. शेवटी असं ठरलं की नेटला दोन चान्स, जेआरएफ निघाली तर दाजी मधे बोलणार नाहीत. नाही निघाली तर बीएड. लिहून घेतलंय दोघांकडून, अडतीच्या पावतीमागे.

भाच्याने सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. पगार, सीएचबी यावर तो काहीच बोलला नाही. जेवताना एकदम म्हणाला, मामा त्या मास्तरांना विचार, नकाशा रबराचा असेल आणि टेबलावर टाकताना तो थोडा ताणला तर?

निवृत्त_मास्तर

किती ताणतोय त्यावर आहे. खऱ्या जिल्ह्यापेक्षा लहान राहतोय तोवर काही बिघडत नाही. पण मला वाटतं त्याला वेगळंच विचारायचंय, काही ठिकाणी ताणला आणि काही ठिकाणी आखडला तर काय. माझं सगळं काम त्यातच गेलं. त्याला सांगा मला फोन कर, नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो. साडेपाचनंतर, दुपारी मी झोपतो. आणि वही घेऊन बस म्हणावं.